मुलांसाठी व्हॉलंटियरिंग करायचंय? आधी कॅलेंडर उघडा

"तू त्या वस्तीतल्या मुलांना शिकवायला जातेस ना, मलाही यायचंय, काय करावं लागतं?" असं दर वर्षी दोन-तीन जण तरी विचारतात आणि मी उलटा प्रश्न टाकते, की पुढचे ५२ शनिवार काय करताय? बहुतेकांचा चेहरा तिथेच पडतो. खवचटपणा म्हणून नाही विचारत मी हे. बरीच वर्षं हे काम केल्यावर आणि सुरुवातीला त्यात भरपूर माती खाल्ल्यावर एवढं कळलंय की आपली हुशारी, आपण नेलेल्या रंगपेट्या, आपला उत्साह याचं मुलांना दोन दिवस अप्रूप असतं, त्यांना खरं हवं असतं ते ठरल्या दिवशी ठरल्या वेळी दारात दिसणारं माणूस. बाकीचं सगळं शिकता येतं, ते खाली जमेल तसं क्रमाने लिहिते.

पहिलं काम: स्वतःचा हिशोब

आठवड्यात खरंच किती तास मोकळे आहेत ते कागदावर लिहा आणि जो आकडा येईल तो अर्धा करा, म्हणजे खऱ्याच्या जवळ जाईल. मोठ्या शहरात राहणारे लोक यात प्रवास धरायला हमखास विसरतात. दीड तासाच्या वर्गासाठी जाऊन-येऊन तीन तास लागणार असतील तर तिसऱ्या महिन्यात एखाद्या भर पावसाच्या दिवशी तुम्ही "आज जरा बरं वाटत नाहीये" असा मेसेज टाकणार म्हणजे टाकणार, मीही टाकलाय. म्हणून घरापासून किंवा ऑफिसच्या वाटेवर अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा बघा, पार दुसऱ्या टोकाची संस्था कितीही नावाजलेली असली तरी.

आठवड्यातून एकदा दोन तास, पण वर्षभर, हे जमणार असेल तर मुलांसोबतचं काम घ्या. वर्षच का, तर अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स म्हणून एक व्यवस्था आहे, तिची सुरुवात पार १९०४ सालची, त्यात एका मोठ्या माणसाची एका मुलाशी जोडी लावून देतात आणि ते दोघं नियमित भेटतात. अशा साडेनऊशेवर मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये आला, त्यात फायदा स्पष्ट दिसला. पण मग २००२ मध्ये तीच माहिती दोन संशोधकांनी वेगळ्या अंगाने तपासली, की कोणाची जोडी किती टिकली. जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या तिथे सगळ्यात जास्त फायदा होता. आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या त्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत, ज्यांना कुणीच मिळालं नव्हतं त्या मुलांपेक्षाही खाली घसरलं होतं. मला हे वाचून घाम फुटला होता, कारण माझ्या पहिल्या संस्थेत मी अडीच महिने गेले होते.

वर्षभर नाही जमणार? मग तसं सांगा, त्यात लाजायचं काही नाही. अकाउंट्स बघायला, एक्सेल नीट लावून द्यायला, वर्कशीट बनवून प्रिंट काढायला, पंखा-दिवा दुरुस्त करायला माणसं लागतात आणि मिळत नाहीत, कारण सगळ्यांना मुलांमध्ये बसायचं असतं. एका संस्थेत मी दोन रविवार फक्त पुस्तकांना लेबलं लावली, तिथल्या ताई अजून त्याची आठवण काढतात.

संस्था शोधताना मुलाखत त्यांनी तुमची घ्यायला हवी

फोन केल्यावर "या या, उद्याच या" म्हणाले आणि गेल्या गेल्या तुम्हाला वीस मुलांच्या खोलीत सोडून कुणी तरी चहा आणायला गेलं, तर तिथून परत फिरा. मला पूर्वी हे मोकळेपणाचं लक्षण वाटायचं. आता वाटतं, मला ओळखत नसताना आत सोडलं म्हणजे कुणालाही सोडत असणार. चांगली संस्था तुमचं ओळखपत्र मागते, दोन माणसांचे संदर्भ घेते, पोलीस पडताळणीचं विचारते, मुलांशी कसं वागायचं याच्या लेखी नियमांवर सही घेते. थोडं अपमानास्पद वाटतं, पण वाटू द्या.

तुम्हीही विचारा. मुलाबद्दल काळजी वाटली तर कुणाला सांगायचं, त्या माणसाचं नाव काय? (नाव पटकन सांगता आलं नाही तर समजून घ्या.) इथे पगारी, कायमचं कोण आहे? मी महिनाभर आजारी पडले तर माझा गट कोण घेणार? मुलांचे फोटो कुठे वापरता? या चार प्रश्नांत बरंच कळतं.

अनाथाश्रम किंवा बालगृह असेल तर जास्त जपून. तिथे येऊन-जाऊन असणाऱ्या पाहुण्यांचा त्रास मुलांनाच होतो, आज एक ताई गळ्यात पडते, पुढच्या आठवड्यात गायब. लहान मूल अनोळखी माणसाच्या कडेवर लगेच झेपावतं ते बघून आपल्याला गोड वाटतं, प्रत्यक्षात ते काळजीचं लक्षण असू शकतं. रुमानियात २००० नंतर १३६ मुलांचा एक अभ्यास झाला, संस्थेत राहणारी लहान मुलं, त्यातल्या निम्म्यांना सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं दोन्हीकडची मुलं तपासली, कुटुंबात गेलेली मुलं बऱ्याच बाबतींत सावरली आणि लवकर गेलेली जास्त सावरली. म्हणून अशा ठिकाणी काम करायचंच असेल तर तिथल्या कायमच्या माणसांचा भार हलका होईल असं करा, स्वतः आई-बाबा व्हायला जाऊ नका. मुलांना पाहुण्यांसमोर नाच करून दाखवायला लावतात अशी जागा तर नकोच.

पहिले दोन-तीन आठवडे नुसतं बसा

शिकवू नका. कोपऱ्यात बसा, खाली, मुलांच्या उंचीवर. नावं पाठ करा, मी वहीत वर्गाचा नकाशा काढून कोण कुठे बसलं ते लिहायचे आणि घरी जाताना बसमध्ये घोकायचे. दुसऱ्या आठवड्यात एखाद्याला नावाने हाक मारलीत की तो ज्या नजरेने बघतो ना, ते बघा एकदा.

या दिवसांत लक्षात येतं की कोण धाकट्या भावाला कडेवर घेऊन येतं, कोण मध्येच उठून पाणी भरायला पळतं, कोण मागच्या भिंतीला टेकून झोपतं. बांधकामावरच्या मजुरांची मुलं असतील तर बिल्डिंग उभी राहिली की कुटुंब दुसऱ्या साइटवर जातं आणि मूल एका सोमवारी यायचंच बंद होतं, निरोप वगैरे काही नाही. हे तुमच्या हातात नसतं. पण त्यांना कधी जायचंय याचा अंदाज आई-वडिलांकडून आधी मिळाला तर शाळेचा दाखला आणि एक-दोन पुस्तकं तरी सोबत देता येतात.

धाकटी भावंडं आणू नका असा नियम मात्र चुकूनही करू नका. आम्ही केला होता. पुढच्या आठवड्यात मोठ्या मुलींपैकी निम्म्या आल्या नाहीत. मग एका कोपऱ्यात चटई टाकून ठोकळे ठेवले, प्रश्न मिटला.

मग बघायचं, कुणाला काय येतं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आठेक वर्षांची एक मुलगी धडा घडाघडा वाचायची, मी खूश, तिला सगळ्यांसमोर वाचायला लावायचे. एक दिवस ती वाचत असताना वाऱ्याने पान उलटलं आणि ती तशीच पुढे म्हणत राहिली, आधीच्या पानावरचं. मी पान परत लावून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, हे काय? तिने धडा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, मनातल्या मनात, ओठ हलत होते, त्या शब्दापर्यंत पोचायला. तिला वाचता येतच नव्हतं, सगळं ऐकून पाठ होतं. चौथीत होती.

म्हणून इयत्ता विचारू नका, तपासा. मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेमुळे सगळीकडे पसरलेली साधी रीत आहे, एका कागदावर सुटी अक्षरं, मग छोटे शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग एक लहानशी गोष्ट. एकेकाला बाजूला घेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं, परिच्छेदापासून सुरू करा, अडलं की खाली या, जमलं की वर जा. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात. परीक्षा म्हणू नका, "मला बघायचंय तुझ्यासाठी कुठलं पुस्तक आणू" म्हणा, जे खरंच आहे. मग गट पाडा ते वयाने किंवा इयत्तेने नाही, कुठे अडलंय त्यावरून, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा तपासून गट हलवा. दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्यांत बसवताना त्याची अब्रू सांभाळा, त्याला कागद वाटायचं काम द्या, काही तरी मोठेपण द्या.

"पण मी शिक्षक नाही" असं वाटत असेल तर, २००१ ते २००३ च्या दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात शाळांमध्ये बालसखी नावाचा प्रयोग झाला. आसपासच्याच, शाळा पूर्ण केलेल्या तरुणींना साधारण दोन आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन मागे पडलेली मुलं रोज दोन तास त्यांच्याकडे सोपवली आणि मुलांची प्रगती मोजता येईल इतकी झाली. ज्या अर्थतज्ज्ञांनी ते मोजलं त्यांतले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो पुढे २०१९ च्या नोबेलचे मानकरी ठरले. म्हणजे बीएड नसेल तरी चालतं. रोज दोन तास होते हे मात्र विसरू नका, आठवड्यातून एकदा येणाऱ्याने चमत्काराची अपेक्षा ठेवू नये, शक्य असेल तर दोन-तीन जणांनी मिळून एकच गट वेगवेगळ्या दिवशी घ्यावा.

गणित तपासताना वेगळीच गंमत होते. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा एक अभ्यास छापून आला, रस्त्यावर विक्री करणारी पाच मुलं, ९ ते १५ वयाची. संशोधक गिऱ्हाईक होऊन गेले आणि हिशोब विचारले, ९८ टक्के उत्तरं बरोबर. मग त्याच मुलांना तीच गणितं नुसती आकड्यांत दिली तर ३७ टक्के बरोबर. एका बारा वर्षांच्या मुलाला ३५ चा एक, असे दहा नारळ कितीला हे विचारलं तर तो म्हणतो तीनचे १०५, आणखी तीनचे २१०, असं करत करत ३५० वर आला. दहाने गुणताना शून्य द्यायचं हे त्याने वापरलंच नाही, आणि त्याला त्याची गरजही पडली नाही. तुमच्या गटात दुकानावर, गाडीवर बसणारी मुलं असतील तर "याला गणित येत नाही" असं वहीत लिहायच्या आधी खोटी-खोटी नोट देऊन सुटे मागून बघा. आणि मग त्याने तोंडी जे केलं तेच कागदावर लिहून दाखवा, की बघ, तू हे केलंस, ते असं लिहितात.

दीड तास कसा घालवायचा

पहिली दहा मिनिटं गप्पा किंवा टाळ्यांचा खेळ, उशिरा येणारे तोवर येतात. मग अर्धा तास वाचन-लेखन. मला सगळ्यात फळलेली युक्ती म्हणजे मुलाला काही तरी सांगायला लावायचं आणि ते जसंच्या तसं त्याच्या समोर लिहायचं. "काल आमच्या गल्लीत कुत्रीला पाच पिल्लं झाली." हेच त्याचं वाचनाचं पान. अर्थ त्याला ठाऊकच आहे, त्यामुळे अडलेल्या शब्दावर तो अंदाज करून पोचतो. मग ते वाक्य कापून शब्द सुटे करायचे, उलटसुलट लावून वाचायचे. 'पिल्लं' वर त्या पिल्लांच्या मालकाने जोडाक्षर समजून घेतलं, धड्यातल्या 'उल्लेख' वर तो महिनाभर अडला होता.

मोठ्या शहरात एका चटईवर तीन-चार घरच्या भाषा असतात. घरच्या भाषेत बोललं तर हटकू नका, आधी त्या भाषेत सांगू दे, मग शाळेच्या भाषेत आणा. मीही त्यांच्याकडून दहा-बारा शब्द शिकले, माझे उच्चार ऐकून हसण्यात वर्गाची दहा मिनिटं गेली तरी ती वाया गेली असं मला वाटत नाही.

मध्ये दहा मिनिटं उठून उड्या मारणं, सक्तीचं. मग गणित, काड्या आणि रबरबँड न्या, दहा काड्यांची जुडी मुलांनी स्वतः बांधली की एकक-दशक आपोआप उलगडतं, फळ्यावर मी ते सहा आठवडे समजावत होते. शेवटची पंधरा मिनिटं गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा, प्रश्न न विचारता, तात्पर्य न काढता. गोष्ट रंगात आली की थांबायचं आणि उरलेली पुढच्या शनिवारी. हजेरी वाढवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

नियम, जे मोडायचेच नाहीत

मुलासोबत बंद खोलीत एकटं बसू नका, दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस दिसेल असं. मूल येऊन बिलगलं तर ढकलू नका, पण आपण होऊन मांडीवर घेऊ नका. घरी नेऊ नका, स्वतःचा नंबर देऊ नका, सोशल मीडियावर फ्रेंड करू नका. पैसे कुणाच्या हातात नाही, गरज दिसली तर संस्थेला सांगा. वाढदिवसाचा केक घेऊन येणाऱ्या मंडळींबद्दल मी इथे काही बोलत नाही, एवढंच विचारते की वाढदिवस कुणाचा असतो?

फोटो. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत मुलांचा खासगीपणा हा हक्क म्हणून लिहिलाय, आणि तरी आपण पहिल्याच दिवशी सेल्फी काढून टाकतो. स्वतःच्या भाच्याचा फोटो कुणी "गरीब बिचारा" म्हणून टाकला तर चालेल का ते बघा. चेहरा, शाळेचा गणवेश, वस्तीचं नाव, काहीच नको.

आणि सगळ्यात अवघड भाग. कधी तरी एखादं मूल तुम्हाला काही तरी सांगेल. मारहाणीचं, किंवा त्याहून वाईट. बहुतेक वेळा ते दप्तर भरताना, तुमच्याकडे न बघता सांगतं, आणि आधी म्हणतं, "कुणाला सांगणार नाही ना?" इथे "नाही सांगणार" म्हणायचं नाही. म्हणायचं, "तुझी काळजी घ्यायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन." मग ऐकायचं. चेहरा शक्यतो शांत. खोदून विचारायचं नाही, "त्याने तुला इथे हात लावला का" अशी उत्तरं तोंडात घालायची नाहीत, घरी जाऊन जाब विचारायचा नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं बोला. मूल गेलं की लगेच त्याचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहा आणि त्याच दिवशी संस्थेतल्या त्या नेमलेल्या माणसाला सांगा. तिथे दाबायचा प्रयत्न झाला, किंवा तक्रार त्याच माणसाबद्दल असेल, तर तुमच्या इथली मुलांची हेल्पलाइन किंवा पोलीस. मुलाला आज घरी जायलाच भीती वाटत असेल तर तेव्हाच हलायचं, उद्या नाही. आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर यातलं अक्षरही टाकायचं नाही.

मुलं येईनाशी झाली तर

आपल्याला आधी वाटतं आपण कंटाळवाणं शिकवतो. असतंही तसं. पण बऱ्याचदा वर्गाची वेळ आणि पाणी यायची वेळ एकच असते, किंवा आईची कामाची पाळी बदललेली असते आणि घर सांभाळायला हीच मोठी. संस्थेच्या कायमच्या ताईंसोबत घरी जाऊन या, तक्रार घेऊन नाही, मुलाचं काही तरी चांगलं सांगायला. "तुमच्या पोराने काल सगळ्यांना हिशोब शिकवला" एवढं ऐकून एक वडील पुढच्या आठवड्यापासून स्वतः मुलाला सोडायला यायला लागले.

निघायची वेळ आली की

बदली होते, लग्न होतं, आई आजारी पडते, एक दिवस आपणही जातोच. शक्य असेल तर दोन महिने आधी संस्थेला सांगा, महिनाभर आधी मुलांना. लहान मुलांना "थोडे दिवस" कळत नाही, भिंतीवर उरलेले शनिवार लिहून दर वेळी एक खोडा. नवीन माणूस शेवटचे तीन-चार वर्ग तुमच्यासोबत बसू दे. "येत जाईन हं मी भेटायला" हे तोंडातून निघू देऊ नका, येणारच असाल तर तारीख सांगा आणि त्या तारखेला जा.

आणि वही सुपूर्द करा. प्रत्येक मुलाचं एक पान, कुठवर वाचतो, कशावर अडतो, काय आवडतं. माझ्या वहीत एका मुलाच्या पानावर एवढंच लिहिलं होतं, "मागे बसवू नका, फळा दिसत नाही, मला वाटायचं लक्ष नाही." माझ्यानंतर आलेल्या मुलीने ते पहिल्याच दिवशी वाचलं आणि पुढच्या आठवड्यात त्याचे डोळे तपासून घेतले. मला ते चार महिन्यांत सुचलं नव्हतं, मी फक्त त्याला पुढे बसवत होते.